मोहरीच्या रोपांना भोकं, पानाखाली काळी अळी: कॅनोलाच्या तक्त्यातला उडद्या भुंगेरा हाच का?

धानपट्टा:

नमस्कार मंडळी. भंडारा जिल्हा. धान निघाल्यावर अडीच एकर बांधीत (बांध घातलेल्या धानाच्या शेतात) मोहरी आहे. वाण टीएएम 108-1, पेरणी 5 नोव्हेंबर, एकरी 2 किलो बी, ओळीत 45 सें.मी. अंतर. आज पीक 18 दिवसांचं, चार पानांवर. बियाण्याला फक्त ट्रायकोडर्मा (रोगाविरुद्धची उपयुक्त बुरशी) चोळला होता, कीटकनाशक लावलं नव्हतं. पहिलं पाणी अजून दिलेलं नाही.

दोन गोष्टी दिसतायत. एक, पानांना भोकं. काही रोपांची पानं कडेने आत खात आणली आहेत, काहींच्या नुसत्या शिरा उरल्यात. सकाळी पानाखाली काळपट हिरवी अळी सापडते, दुपारी एकही दिसत नाही. दोन, दक्षिणेकडच्या धुऱ्यालगत (बांधालगत) पाच-सहा ओळींतली रोपं पांढुरकी पडून मान टाकतायत. त्या पानांना भोकं नाहीत.

नेटवर कॅनडातल्या कॅनोलाचा, म्हणजे मोहरीच्या कुळातल्या तेलबियाच्या पिकाचा, एक तक्ता सापडला. त्यात अशाच भोकांखाली फ्ली बीटल, म्हणजे उडद्या भुंगेरा, लिहिलंय आणि पानाचा चौथा हिस्सा गेला की फवारा असं म्हटलंय. कृषी केंद्रातून तीन वस्तू मिळाल्या: बीटी पावडर (जिवाणूपासूनचं अळीनाशक), एक आंतरप्रवाही औषध (झाडाच्या रसात भिनणारं) आणि टॉनिक. तिन्ही एकाच पंपात टाका म्हणाले. फवारू का?

कीटकवही:

थांबा भाऊ, पंप खाली ठेवा. तुमच्या शेतात दोन वेगळ्या किडी आहेत, आणि तक्त्यातली त्यात बहुधा नाही.

उडद्या भुंगेरा दोन-तीन मिलिमीटरचा, काळा चकचकीत. हात जवळ नेला की पिसवेसारखा उडी मारतो. त्याने केलेली भोकं बारीक आणि गोल, जणू टाचणीने टोचलेली. पानं खातो तो प्रौढ भुंगा; त्याची अळी जमिनीत मुळांवर असते, पानावर दिसत नाही. तुम्हाला पानावर अळी दिसतेय म्हणजे चोर दुसरा.

सकाळी आठच्या आत एक अळी तळहातावर घ्या आणि पाय मोजा. डोक्यामागे तीन जोड्या खरे पाय असतातच. त्यांच्या मागे पोटाखाली मांसल पायांच्या आठ जोड्या भरल्या तर ती मोहरीची काळी अळी, म्हणजे सॉफ्लाय. पतंगाच्या अळीला मागे सहसा पाचपेक्षा जास्त जोड्या नसतात. दुसरी खूण आणखी सोपी: बोट लावलं की काळी अळी अंगाचं वेटोळं करून खाली पडते आणि मेल्याचं सोंग घेते. अंगाला सुरकुत्या, पाठीवर गडद पट्टे, पूर्ण वाढल्यावर लांबी दीड सें.मी.च्या थोडी वर. ऊन चढलं की ती ढेकळाखाली जाते, म्हणून दुपारी तुम्हाला शेत साफ वाटतं.

चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची अळी कोबीवरून मोहरीवर येते, तीही पाहून ठेवा. ती फिकट हिरवी, दोन्ही टोकांना निमुळती, जेमतेम एक सें.मी. शिवलं की मागे मागे वळवळते आणि धाग्याला लोंबकळते. सुरुवातीला ती पानाचा खालचा पापुद्रा खाते, वरचा ठेवते, त्यामुळे पानाला काचेच्या खिडक्या पडल्यासारख्या दिसतात.

हे पाय मोजण्याचं खूळ उगाच नाही. काळ्या अळीची आई खरी माशी नव्हे, ती गांधीलमाशीच्या गोत्रातली. बाजारातली नेहमीची बीटी पावडर पतंगाच्या अळ्यांवर चालते, या अळीवर नाही. मग शेतकरी म्हणतो बीटी बनावट होती, आणि दुकानदार दुसऱ्या दिवशी दुप्पट जहाल काहीतरी देतो. मुळात पावडर चुकीच्या किडीवर गेलेली असते.

आता धुऱ्याकडची पांढुरकी रोपं. तिथे रंगीत ढेकूण शोधा. सहा-सात मिलिमीटरचा, ढालीसारखा, काळ्या अंगावर नारिंगी-पिवळे ठिपके. पिल्लं जास्त लालसर. रोपाच्या बुडाशी, ढेकळांच्या फटीत, सुकलेल्या पानाखाली बसलेले असतात. पांढरा रुमाल अंथरून त्यावर रोप झटका, लगेच कळेल. हा रस शोषतो, म्हणून भोक पडत नाही. शोषलेल्या जागी पांढरा डाग येतो, डाग एकमेकांत मिळतात आणि रोप वाळतं. पानात वेडीवाकडी पांढरी रेघ असेल तर मात्र ती नागअळी, तिच्यासाठी आज काही करायची गरज नाही.

उद्या सकाळी हे दोन्ही तपासा आणि आकडे टाका. पाच ठिकाणी सलग दहा-दहा रोपं, धुऱ्यापासून चार-पाच पावलं आत. किती रोपांवर अळी आणि पान किती गेलंय, दोन्ही लिहा. धुऱ्याची मोजणी वेगळी ठेवा, नाहीतर सरासरी फसवते.

सस्काटूनकर:

तो तक्ता इकडचा, म्हणून लिहितो. कॅनडाच्या प्रेअरीत कॅनोला मे महिन्यात पेरतात. भुंगेरे कुंपणाकडच्या पालापाचोळ्यात हिवाळा काढून उन्हाची चाहूल लागताच बाहेर पडतात आणि नेमकं तेव्हा पीक दोन दलांवर असतं. वरून थंडी, वाढ मंद. त्यामुळे इथे बहुतेक सगळं बी कीटकनाशकाचा लेप देऊनच येतं. तो लेप साधारण तीन आठवडे साथ देतो. पंचवीस टक्के पान गेलं आणि भुंगेरे अजून खातायत, तर फवारणी. कारण नुकसान पन्नास टक्क्यांवर गेलं की उत्पादन मार खातं आणि त्यांना पंचवीसवरून पन्नासवर जायला गरम हवेत एक-दोन दिवस पुरतात. पीक चार खऱ्या पानांवर गेलं की इकडे त्याची काळजी सोडतात.

म्हणजे तो पंचवीसचा आकडा आमच्या भुंगेऱ्याच्या खाण्याच्या वेगावरून आलाय. तुमच्या अळीला तो जसाच्या तसा लावू नका. इकडचे बाकीचे आकडेही तसेच. चौकोनी ठिपक्याच्या पतंगाच्या 100 ते 150 अळ्या दर चौरस मीटरला, शेंगा भरल्यावर 200 ते 300, तेव्हा कुठे फवारा. हे वाचून भारतातला माणूस चक्रावतो, पण आमचं पीक दाट असतं आणि पानं गेली तरी हिरव्या शेंगा स्वतः अन्न तयार करतात.

एक खुलासा. कॅनोला म्हणजे कुठलंही वेगळं झाड नव्हे. मोहरीच्याच कुळातल्या ज्या वाणांच्या तेलात इरुसिक आम्ल दोन टक्क्यांखाली आणि पेंडीत ग्लुकोसिनोलेट (मोहरीचं उग्र द्रव्य) कमी, त्यांना कॅनडात 1978 मध्ये दिलेलं ते व्यापारी नाव. पंजाबात जीएससी 6, जीएससी 7 हे गोभी सरसोंचे कॅनोला दर्जाचे वाण आहेत. कुळ एकच, त्यामुळे किडीही बऱ्याच सामायिक. हंगाम मात्र वेगळा.

धानपट्टा:

सगळं मोजलं. अळीला मागे आठ जोड्या, शिवलं की वेटोळं. 50 रोपांपैकी 22 वर अळी, त्यातल्या सहा-सात रोपांवर दोन-दोन. पान सरासरी पाचवा हिस्सा गेलंय. रुमालावर रंगीत ढेकूणच पडले, धुऱ्याकडच्या दहा रोपांवर चौदा. आत एकही नाही. आता काय करू? आणि त्या तीन वस्तूंचं काय?

कीटकवही:

छान मोजलंत. आता औषधाआधी पाणी. पीक अठरा-वीस दिवसांचं आहे, पहिलं पाणी तसंही 25 दिवसांच्या आसपास द्यायचंच होतं. ते चार-पाच दिवस अलीकडे घ्या. ढेकळांत लपलेल्या अळ्या, ढेकूण आणि त्यांची अंडी पाण्याने मरतात, हा या दोन्ही किडींवरचा सर्वात स्वस्त उपाय. फक्त ही धानाची बांधी आहे हे विसरू नका. खाली चिखलणीचा कडक थर असतो, पाणी उतरत नाही. रात्रभर साचलं तर रोपं पिवळी पडतील आणि ते किडीपेक्षा महागात जाईल. बांधीच्या उताराकडे धुरा फोडून ठेवा, पाणी फिरलं की दोन-तीन तासांत बाहेर.

त्याच दिवशी सकाळी आणि सूर्य कलल्यावर घरच्या दोन माणसांनी ओळीतून चालत रोपं हलवत जायचं. अळ्या आपणहून पडतात. खाली सूप किंवा पसरट घमेलं धरायचं, त्यात पाणी आणि थोडं रॉकेल. अडीच एकरात हे होत नाही असं वाटेल, पण अळी सगळीकडे सारखी नसते; ज्या पट्ट्यात जास्त आहे तेवढाच घ्या.

पाण्यानंतर दोन दिवसांनी पुन्हा तीच पन्नास रोपं. रोपामागे सरासरी एक अळी किंवा वर असेल आणि नवं निघालेलं पानही खाल्लेलं दिसत असेल तरच फवारणी. माझा हिशेब नेहमी नव्या पानाकडे बघून असतो. जुनी भोकं बुजत नाहीत, ती पाहून माणूस उगाच घाबरतो.

फवारायचंच झालं तर मॅलाथिऑन 50 ईसी, एकरी 400 मिली, 200 लिटर पाण्यातून. ढेकणावरही तेच चालेल. वेळ सकाळी लवकर किंवा चारनंतर, कारण अळी तेव्हाच पानावर असते. दुपारी बाराला मारलेलं औषध नुसतं पानावर वाळतं. मॅलाथिऑन चुनखडीच्या पाण्यात लवकर निकामी होतं, म्हणून द्रावण करून तासभर गप्पा मारत बसू नका, आणि चुन्याचं काही त्यात मिसळू नका.

बीटी परत करा. न फोडलेलं पाकीट दुकानदाराने परत घ्यायला हवं. टॉनिकची गरज नाही. आंतरप्रवाही औषध कोणतं आहे ते सांगा, पुढे मावा (शेंड्यावरची रस शोषणारी बारीक कीड) आला तर कदाचित कामी येईल.

रब्बीचा_हिशेब:

पंपाचा हिशेब जोडतो, कारण गडबड इथेच होते. एकरी 200 लिटर म्हणजे 15 लिटरचे तेरा-चौदा पंप. 400 मिली मॅलाथिऑन त्यात वाटलं तर पंपाला 30 मिली. आपल्याकडे माणूस एकरात सहा-सात पंपच मारतो आणि पंपाला मात्र तेच 30 मिली टाकतो. म्हणजे एकरी निम्माच डोस गेला. मग अळी मरत नाही आणि पुढच्या वेळी पंपाला 60 टाकतो. आधी एक पंप साध्या पाण्याचा भरून किती ओळी होतात ते मोजा, त्यावरून एकरी पंप ठरवा, मग औषध वाटा.

तीन वस्तू एका पंपात हा प्रकार सोडाच. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना झालेल्या विषबाधा आठवा. जहाल औषधांची मिश्रणं आणि अंगावर धड संरक्षण नाही, दोन्ही तिथे होतं. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, नाकातोंडावर मास्क, वारा पाठीवर. डब्यावरचा विषारीपणा दाखवणारा त्रिकोण लाल किंवा पिवळा असेल तर जास्तच काळजी. डब्यावरच्या पत्रकात मोहरी हे पीक छापलेलं नसेल तर ते औषध घेऊच नका, दुकानदार काहीही सांगो.

पुढच्या वर्षासाठी: 2 किलो बियाण्याला इमिडाक्लोप्रिड 70 डब्ल्यूएस 14 ग्रॅम, म्हणजे किलोला 7 ग्रॅम. गुळाच्या किंवा नुसत्या पाण्याचा हबका मारून, बी सावलीत सुकवून पेरा. ढेकूण आणि काळी अळी यांच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांवर त्याने बराच आळा बसतो. ट्रायकोडर्मा त्याच्यानंतर, सर्वात शेवटी चोळायचा. उरलेलं बी कोंबड्यांना टाकू नका.

धानपट्टा:

आंतरप्रवाही औषध थायामेथोक्झाम 25 डब्ल्यूजी निघालं, 100 ग्रॅमचं पाकीट. मावा यायच्या आधीच एक फवारा मारून ठेवला तर? गावात सगळे डिसेंबरच्या शेवटी मारतातच.

कीटकवही:

आधी मारून ठेवणे हा मोहरीत सर्वात मोठा तोटा. का ते सांगतो.

मोहरीचा मावा बहुतेक सगळा मादीच, नराशिवाय थेट पिल्लं देते. ती आठवड्या-दीड आठवड्यात स्वतः पिल्लं द्यायला लागतात. त्यामुळे मावा हळूहळू वाढत नाही, ढगाळ दमट चार दिवस मिळाले की एकदम फुगतो. त्याला थांबवणारी फौज शेतात असतेच: सात ठिपक्यांचा ढालकिडा, त्याची अळी, सिरफिड माशीची अळी, आणि माव्याच्या पोटात अंडी घालणारी बारीक गांधीलमाशी. आगाऊ फवाऱ्याने ही फौज मरते, मावा तर अजून आलेलाच नसतो. दोन आठवड्यांनी तो बाहेरून उडत येतो तेव्हा शेत मोकळं.

ढालकिड्याची अळी ओळखता यायला हवी. राखाडी-काळी, अंगावर नारिंगी ठिपके, इवल्याशा मगरीसारखी. शंभरातले नव्वद जण तिला नुकसान करणारी अळी समजून चिरडतात. सिरफिडची अळी हिरवट, बिनपायांची, एका बाजूला टोकदार, माव्याच्या घोळक्यात तोंड खुपसून बसलेली. आणि माव्यातले काही किडे फुगून तांबूस, कागदासारखे कोरडे दिसले तर ते गांधीलमाशीने पोखरलेले मावे. काही दिवसांनी त्यांच्या पाठीला गोल झाकण उघडलेलं दिसेल. असे किडे घोळक्यात बऱ्यापैकी दिसू लागले तर फवारणी चार दिवस पुढे ढकला.

पहिल्या कळीपासून आठवड्यातून दोनदा बघा. मावा आधी धुऱ्याच्या झाडांवर बसतो. तिथे एखादा शेंडा माखलेला दिसला की तो शेंडा मोडून पिशवीत घालून नष्ट करा, दहा दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा. नुसता मोडून शेतात टाकलात तर मावा शेजारच्या झाडावर चालत जातो.

फवारणीची पातळी: मधल्या शेंड्याच्या वरच्या 10 सें.मी.त 25 ते 30 मावे. पंजाबच्या शिफारशीत 50 ते 60 सांगतात. आपल्याकडे धानानंतरची पेरणी उशिराची, झाडाला सावरायला दिवस कमी, म्हणून खालचा आकडा धरलेला बरा. शेतात उभं राहून एकेक किडा मोजता येत नाही. शेंड्याचा वरचा अर्धा ते एक सें.मी. भाग माव्याने पूर्ण झाकला असेल आणि अशी झाडं शंभरात चाळीस-पन्नास असतील, तर पातळी ओलांडली समजा. पानांवर पांढरा भुसा दिसतो तो भुरी नव्हे, माव्याने टाकलेल्या काती. काती भरपूर आणि जिवंत किडे थोडे, म्हणजे मावा उतरणीला लागलाय.

पातळीच्या खाली पण वाढताना दिसला तर 5 टक्के निंबोळी अर्क. 5 किलो वाळलेल्या निंबोळीची भरड 10 लिटर पाण्यात रात्रभर, सकाळी फडक्यातून गाळायची, 200 ग्रॅम साबण वेगळा विरघळवून घालायचा आणि एकूण 100 लिटर करायचं. एकराला याच्या दुप्पट. त्याच दिवशी वापरायचं. दुसऱ्या दिवशी ते नुसतं कडू पाणी. पातळी ओलांडली तर तुमचं थायामेथोक्झाम एकरी 40 ग्रॅम, 200 लिटरमध्ये, पंपाला 3 ग्रॅम. अडीच एकराला 100 ग्रॅमचं पाकीट बरोब्बर पुरतं. शेवटची फवारणी आणि कापणी यांत 21 दिवस.

युरियाचा दुसरा हप्ता जास्त दिला तर कोवळा रसदार शेंडा वाढतो आणि मावा तिथेच बसतो. ठरल्यापेक्षा मूठभरही जास्त नको.

मोहोळपेटी:

वरच्या औषधाबद्दल एक अट. थायामेथोक्झाम, डायमेथोएट, मॅलाथिऑन, सगळी मधमाशीला जहाल. मोहरी फुलली की माशी सकाळी नऊ-दहापासून दुपारी तीनपर्यंत तुटून पडते, आणि मोहरीच्या शेंगेत दाणे भरण्यात तिचा हात असतो. म्हणून शक्य तर निर्णय फुलं उघडण्याआधी घ्या. फुलात फवारायची वेळ आलीच तर संध्याकाळी चारनंतर, फुलांवर एकही माशी नाही हे बघून. फक्त धुऱ्याच्या पाच-सहा ओळींवर मावा असेल तर तेवढ्याच ओळी फवारा.

पेट्यावाला जवळपास असेल तर दोन दिवस आधी सांगा, तो पेट्या तीन-चार किलोमीटर हलवू शकतो. पण तुमच्याकडच्या झाडांवरची आग्या मोहोळं कोण हलवणार? आणि आग्या चांदण्यातही चरते. पौर्णिमेच्या आसपास संध्याकाळी फवारायचं असेल तर आधी दहा मिनिटं फुलांजवळ उभं राहून कान द्या.

धानपट्टा:

पाणी फिरवलं, धुरा फोडून तीन तासांत काढलं. दोन दिवसांनी 50 रोपांवर एकूण 9 अळ्या, नवं पान स्वच्छ. मॅलाथिऑन घेतलंच नाही. धुऱ्याकडे मात्र दहा रोपांवर अजून पाच ढेकूण आहेत. तिथली साठ-सत्तर रोपं गेलीच. जागा पुन्हा टोबू का?

कीटकवही:

नको. आता टोबलेली रोपं तीन आठवडे मागे राहतील, कापणीला हिरवी असतील, आणि मावा आधी त्यांच्यावरच बसेल. धुऱ्यावरचं रान मोहरी-मुळ्याच्या जातीचं तण मात्र उपटून टाका, ढेकूण तिथूनच येतोय. कापणीच्या वेळी तो पुन्हा येईल आणि खळ्यावरच्या ढिगात शिरून दाण्यातला रस शोषेल, तेलाचा उतारा घटेल. कापलेली मोहरी ढीग लावून पंधरा दिवस ठेवू नका, वाळली की लगेच मळून घ्या.